पाझराचा वाटा

आमच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की सेक्रेटरी या नात्याने मी त्याला तीन गोष्टी सांगतो. पाणी सकाळी सहा ते आठ. गाडी पिवळ्या रेषेच्या आत. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कापगते काकांना ‘तुमचं गाव कुठलं’ असं विचारायचं नाही.

पहिल्या दोन सूचना लोक सर्रास मोडतात. तिसरी ज्याने एकदा मोडली तो पुन्हा तिच्या वाटेला जात नाही.

मी मोडली त्याला आता सहा वर्षं झाली. काका तेव्हा नुकतेच मुलाकडे राहायला आले होते. सकाळची वेळ, माझ्या हातात दुधाच्या दोन पिशव्या, लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. तोंड मिटून उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून मी विचारलं, "कुठले आपण?" तेवढ्यात दुसरा मजला आला. काकांनी एक पाय बाहेर टाकला, दुसरा आतच ठेवला, लिफ्टच्या दाराला पाठ लावली आणि म्हणाले, "तशी साधी गोष्ट आहे जी. पण आधी भूगोल समजून घेजा."

भूगोल पंधरा मिनिटं चालला. मग इतिहास. मग ज्याला शाळेच्या पुस्तकात अर्थव्यवस्था म्हणतात आणि काका ‘पोट’ म्हणतात, ते. लिफ्ट कोकलत होती. खाली आमचे चेअरमन आगाशे लिफ्टच्या नावाने हाका मारून शेवटी जिन्याने वर आले, आमच्या शेजारून गेले आणि जाताना म्हणाले, "चालू द्या. मला व्यायाम हवाच होता."

पाऊण तासाने मी सुटलो तेव्हा वैनगंगा कुठे उगम पावते आणि कुठून वळते, झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा तुकडा, तिथे गोंड राजांच्या काळापासून गावोगावी तलाव कसे बांधले गेले, आणि तेंदूची पानं तोडल्यावर किती पानांचा एक पुडा होतो, हे सगळं मला कळलेलं होतं. त्यांचं गाव मात्र कळलं नव्हतं. ते बहुधा सगळ्यात शेवटी येत असावं. तिथपर्यंत थांबलेला माणूस आमच्या सोसायटीत अजून झालेला नाही.

काका दिसायला अगदी साधे. किडकिडीत बांधा, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, खिशाला दोन पेनं. आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेलं असल्यामुळे आवाज असा, की समोर एकच माणूस असला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचावा. काकू पुण्याला यायच्या आधीच गेल्या. मुलगा नीलेश हिंजवडीला संगणकाच्या नोकरीत, सूनही तिकडेच. सकाळी आठला दोघं बाहेर पडतात आणि रात्री जेवायला उगवतात. मधले बारा तास काका आमच्या वाट्याला असतात.

या बारा तासांत त्यांच्या हाती सापडलेल्या कोणत्याही विषयाचे तीन भाग होतात. पार्किंगवरून दोघे हमरीतुमरीवर आले की काका मध्ये उभे राहून म्हणणार, "आधी भूगोल समजून घेजा. उतार कोणीकडं आहे?" लिफ्ट बंद पडली की तिचा इतिहास काढणार. आणि कशाहीबद्दल कोणी तावातावाने बोलायला लागलं की शेवटी विचारणार, "यात पोट कोणाचं आहे, ते सांगा." याला उत्तर नसतं. माणूस चिडून निघून जातो आणि काकांना वाटतं, पटलं.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात त्यांनी एकदा कोलम तांदूळ हातात घेऊन विचारलं, "हा कोणत्या तलावावरचा?" दुकानदार मान वर न करता म्हणाला, "गोणीतला." काकांनी त्याला तिथल्या तिथे चिन्नोर, लुचई आणि हिरानखी ही नावं लिहून दिली आणि या जाती मागवून ठेवा म्हणून सांगितलं. तो कागद अजून तराजूमागे खोचलेला आहे. त्यावर दुकानदार फोन नंबर लिहून घेतो.

चूक आमचीही होती, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. नागपूरच्या पलीकडे काही असेल असं आम्हा पुण्याच्या माणसांना मनापासून वाटत नाही. काका आल्या वर्षी जानेवारीत तिकडे जाऊन आले, तेव्हा माझ्या बायकोने, मेधाने, अगदी आपुलकीने विचारलं, "काका, तुमच्याकडची संत्री आणलीत की नाही?"

काकांनी चष्मा काढला. "ताई, संत्रं काटोल-वरूडकडं होते. आमच्यापासून ते तितकंच दूर, जितकं तुमच्यापासून कोल्हापूर. आता मी तुम्हाले विचारलं, की तुमच्याकडचा कोल्हापुरी तांबडा-पांढरा रस्सा करून आणला काय, तर?"

मेधाचं माहेर सदाशिव पेठेतलं. ती दोन दिवस बोलली नाही.

मग आम्ही सगळ्यांनीच एकेक करून तोंडघशी पडून घेतलं. आगाशे म्हणाले, कापसाचा भाव काय? काका म्हणाले, आमच्याकडं कापूस नाही, धान आहे. तळमजल्याच्या जोशीबाई म्हणाल्या, तुमचं सावजी फार तिखट बाई. काका म्हणाले, ते नागपूरचं. मी स्वतः एकदा ‘तुमच्याकडे पाण्याचे फार हाल ना’ असं सहानुभूतीने म्हणालो, तर काका माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "साहेब, आमच्याकडं तलाव मोजाले बसले तर मोजणारा म्हातारा होते."

यानंतर मी सहानुभूती दाखवायचं सोडून दिलं.

काका गप्प राहिल्याचा मला एकच दिवस आठवतो. सोसायटीची सहल आम्ही खडकवासल्याला नेली होती. धरणाच्या काठाने सगळे कणसं खात, फोटो काढत हिंडत होते आणि मी मनाची तयारी केली होती, की आता धरण म्हटल्यावर किमान दोन तास. काका पाण्याकडे बघत उभे होते. बऱ्याच वेळाने त्यांनी मला विचारलं, "याच्या खाली कोणती गावं आहेत जी?"

"खाली? खाली पाणी आहे," मी म्हणालो.

त्यांनी आगाशांना विचारलं, जोशीबाईंना विचारलं, कणीसवालीला विचारलं. कोणाला माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं. परतीच्या बसमध्ये काका खिडकीला बसून होते आणि कर्वेनगर येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. माझ्या आनंदाला पारावार नव्हता, हे आज सांगताना जीभ थोडी अडखळते.

आता मूळ दुखण्याकडे येतो. दुखणं माझ्या बेडरूमच्या छतात आहे.

मी राहतो चौथ्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर. माझ्या डोक्यावर गच्ची. तीन वर्षांपूर्वी काकांनी रीतसर अर्ज केला, की गच्चीवर चार कुंड्या ठेवायची परवानगी मिळावी. म्हातारा माणूस, चार तुळशी लावेल, आमचीही सुटका होईल, अशा विचाराने आम्ही ती एकमताने दिली. जूनमध्ये मी पाण्याची टाकी बघायला वर गेलो तर कुंडी एकही नव्हती. गच्चीच्या पश्चिमेच्या अर्ध्या भागात विटांचे बुटके बांध घालून, खाली निळी ताडपत्री अंथरून, वर माती टाकून अकरा चौकोन केलेले होते. वरच्या अंगाला एक अर्धा कापलेला निळा पिंप. पिंपापासून चौकोनांपर्यंत पन्हळी.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बांध्या आहेत जी. धानाच्या."

"चार कुंड्या म्हणाला होतात."

"कुंडीत धान होत नाही," काका म्हणाले. एखाद्या मठ्ठ पोराला सांगावं तसं.

"तुम्ही गच्चीवर भात लावलाय?"

"भात ताटात असते. बांधीत धान असते."

त्या वर्षी माझ्या छतावर पुरीएवढा डाग आला. पावसाळा संपला तरी तो वाढत राहिला, तेव्हा मी बैठकीत तक्रार केली. कोणीही सुसंस्कृत माणूस अशा वेळी निदान ‘माफ करा’ म्हणतो. काकांनी खिशातली वही काढली आणि विचारलं, "पाझर किती हात लांब गेला जी?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मी घरी जाऊन रागारागाने टेप लावला आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात जाऊन सांगितलं, "सव्वादोन फूट."

"म्हणजे दीड हात," म्हणत त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

दिवाळीनंतर ते माझ्याकडे आले. हातात कापडी पिशवी. आत तांदूळ. "हे घ्या," म्हणाले. मी चमकलो. गच्चीवरचं अतिक्रमण, सेक्रेटरीची तक्रार आणि वर ही पिशवी, याचा अर्थ न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हतो. मी हात जोडून म्हणालो, "काका, सेक्रेटरीला असं काही घेता येत नाही."

"पण हा तुमचाच आहे जी."

"असं तुम्ही प्रेमाने म्हणताय. पण नाही."

ते पिशवी घेऊन परत गेले. पुढच्या वर्षी छताचा डाग पावणेचार फूट झाला, काकांनी अडीच हात लिहून घेतले आणि दिवाळीनंतर पुन्हा पिशवी घेऊन दारात. मी पुन्हा परत पाठवली. या वेळी जरा तोडूनच बोललो. "काका, तांदूळ देऊन छत सुकत नाही," असं म्हणालो. चांगलं वाक्य सुचलं म्हणून ते मी आगाशांनाही ऐकवलं.

यंदा पलंग हलवायची पाळी आली. सप्टेंबरात छताचे पोपडे पडायला लागले आणि पहाटे एक थेंब बरोबर मेधाच्या कपाळावर पडला. ती उठून बसली, छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "एक तर वैनगंगा या घरात राहील, नाही तर मी." त्या दिवसापासून आम्ही हॉलमध्ये झोपतो आणि बेडरूममध्ये बादली झोपते.

मी काकांना लेखी नोटीस दिली. आठ दिवसांत गच्ची मोकळी करावी.

त्यांचं लेखी उत्तर आलं. चार पानं, दोन्ही बाजूंनी. भाग एक, भूगोल: गच्चीचा उतार पूर्व-पश्चिम असून मुळातच चुकीचा काढलेला आहे. भाग दोन, इतिहास: सदर जागी पूर्वी टीव्हीची मोडकी तबकडी, एक फुटका कमोड आणि जोशीबाईंचा बंद पडलेला सूर्यबंब होता, तेव्हा कोणीही नोटीस दिलेली नाही. भाग तीन, पोट: तिन्ही मोसमांत मिळून किती चिमण्या येतात याचा अंदाज. आणि सगळ्यात खाली, वेगळ्या शाईत, एकच ओळ: धान निसवले आहे, लोंब्या बाहेर आल्या आहेत, दीड महिना मिळावा ही विनंती.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बैठक झाली. नीलेश मान खाली घालून बसला होता. "वॉटरप्रूफिंग मी करून देतो, दादा," एवढंच तो मला म्हणाला. इतर कोणी बोलेना. काका कोणालाच आवडत नव्हते, पण वाईट होण्याची वेळ आली की सगळ्यांना सेक्रेटरी आठवतो. तेव्हा मीच उठलो.

"काका," मी म्हणालो, "हे भंडारा नाही, कर्वेनगर आहे. इथे घरात माणसं झोपतात. दीड महिना काय, मी आता दीड दिवस देणार नाही. शनिवारपर्यंत गच्ची रिकामी पाहिजे. नाही केलीत तर मी माणसं लावून माती खाली टाकीन."

काका उठून उभे राहिले. मला वाटलं, आता भूगोल. पण त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "यंदा पाझर किती हात झाला जी?"

माझं डोकंच फिरलं. "सव्वापाच फूट," मी ओरडलो. "आणखी लिहा, सेक्रेटरीचं रक्त आटलं. तेही हातात मोजून घ्या."

"साडेतीन हात," काकांनी लिहिलं आणि खाली बसले. शनिवारचा ठराव मंजूर झाला.

गुरुवारी मी सलीमभाईंना बोलावलं. सलीमभाई इनामदार बिबवेवाडीचे. त्यांच्या आजोबांपासून गच्च्यांचं काम. हातोडीने गच्ची ठोकून नुसत्या आवाजावरून ते सांगतात, की पाणी कुठून शिरलंय. आम्ही वर गेलो तर काका ओणवे होऊन मगाने पाणी सोडत होते. ऊन मरणाचं होतं. धान गुडघ्यापर्यंत आलेलं, हिरवं, मधून मधून पिवळं पडायला लागलेलं, आणि लोंब्या वजनाने एका बाजूला कललेल्या. मी खोटं बोलणार नाही, दिसत छान होतं. त्यामुळे माझा राग आणखी वाढला.

सलीमभाईंना आमच्या सोसायटीच्या सूचना ठाऊक नव्हत्या. ते मोकळ्या मनाचे गृहस्थ. त्यांनी पिकाकडे बघितलं आणि म्हणाले, "वा. काका, गाव कुठलं आपलं?"

मी घड्याळ बघितलं. पावणेबारा.

पण काका भूगोलापासून सुरू झालेच नाहीत. त्यांनी मग खाली ठेवला, हात पायजम्याला पुसले आणि समोर बोट केलं. "हेच," म्हणाले. "हा तलाव. ही पाळ, म्हणजे तलावाचा बांध. इथं, या दगडाच्या जागी मारुती. ह्या बांध्या."

पिंप म्हणजे तलाव होता, हे मला तीन वर्षांत सुचलं नव्हतं. मी जवळ गेलो. प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात फरशीचा एक तुकडा रोवलेला होता आणि त्यावर ऑइल पेंटने नाव लिहिलेलं. शाळेच्या फळ्यावरचं असावं तसं घोटीव अक्षर. सीताराम. गंगूबाई. मोठा दाजी. भिवा ढिवर.

"माझे बाबा पाणकर होते," काका सलीमभाईंना सांगत होते. "पाणकर म्हणजे तलावाचं पानी कोणाच्या बांधीत कधी सोडायचं ते पाहणारा गावचा माणूस. आमच्याकडं शेवटच्या बांधीला आधी पानी जाते. पाळीजवळच्यानं थांबायचं असते. तेच मी करून राहिलो."

"मग आता गाव?" सलीमभाईंनी विचारलं.

"नदीवर धरण झालं. पान्यात आहे."

खडकवासल्याच्या काठावर त्यांनी मला काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं, ते मला आठवलं.

सलीमभाई चौकोन मोजत पुढे गेले आणि शेवटच्या कोपऱ्यात थांबले. "बारा आहेत," ते म्हणाले आणि मग माझ्याकडे वळून, "हे तर तुमचं नाव दिसतंय."

बारावा चौकोन छोटा होता, जेमतेम पाट ठेवण्याएवढा, माझ्या बेडरूमच्या बरोबर वर. त्यातल्या फरशीवर लिहिलं होतं: देशपांडे साहेब. पेंट जुना झालेला होता. म्हणजे यंदाचा नव्हता.

"हे काय आहे काका?" मी विचारलं. आवाजात मला हवा होता तेवढा कडकपणा आला नाही.

"तुमचा वाटा जी." काका माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "तलाव साऱ्या गावाचा असते. पण पाळीच्या खालून पानी पाझरते, अन् पाळीला लागून ज्याची जमीन, त्याची बारमाही ओली होते. तिथं काही पिकत नाही. घर बांधलं तर भिंत टिकत नाही. पानी साऱ्यांचं अन् नुकसान एकट्याचं. म्हणून मळणी झाली की पहिलं माप त्याच्या घरी जाते. पाझर जितके हात, तितकी मापं. त्यानं मागायचं नसते. आपण त्याच्या दारात नेऊन ओतायचं असते. आमच्या गावाची रीत आहे ती."

"म्हणून तुम्ही फूट विचारत होतात?"

"मग कायले विचारू?"

मी त्या फरशीकडे बघत उभा राहिलो. दोनदा हा माणूस माझ्या दारात माझा हक्क घेऊन आला होता आणि दोनदा मी त्याला लाच देणारा ठरवून परत पाठवलं होतं. वर एक चांगलं वाक्यही ऐकवलं होतं.

"तो तांदूळ कुठे आहे?" मी विचारलं.

"आहे. दोन्ही पिशव्या आहेत. वाटा दुसऱ्याले देता येत नाही अन् आपण खाता येत नाही. मिरच्या टाकून ठेवल्या, कीड लागू नये म्हणून."

सलीमभाई हातोडी हातात धरून नुसते ऐकत होते. काकांनी पुन्हा मग उचलला, पिंपात बुडवला आणि तो तसाच धरून उभे राहिले.

"धरण झालं तेव्हा साऱ्यांले मोबदला मिळाला," ते म्हणाले. "नवीन जागी रस्ते झाले, दिवे आले. खोटं कायले बोलू. पण आमच्या अंगावरून पानी गेलं अन् खाली ज्यांच्या बांध्यांत पोचलं, त्यांच्यातला एकही माणूस मूठभर धान घेऊन आला नाही जी. त्यांची चूक नाही. त्यांले कुठं माहीत, पान्याखाली कोण होतं."

मला लाज वाटली. सकाळी सहा ते आठ नळाला पाणी येतं, एवढंच मला पाण्याबद्दल माहीत होतं, आणि तेवढ्यावर मी या माणसाला भरबैठकीत भूगोल शिकवला होता.

आगाशांना मी त्याच दुपारी सांगितलं, की ओल सुकल्याशिवाय वॉटरप्रूफिंग धरत नाही, तेव्हा दिवाळीपर्यंत थांबावं लागेल. सलीमभाईंनी शेजारी उभं राहून मान हलवली. धंद्याच्या दृष्टीने ते खरंही होतं आणि खोटंही, कारण गच्ची सुकवायची तर तिच्यावर रोज पाणी ओतणं बंद करायला हवं होतं. आगाशे माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "ठराव शनिवारचा आहे. दिवाळीला शनिवार म्हणतात हे मला माहीत नव्हतं." पण त्यांनी सही केली.

मेधाला समजावणं जास्त अवघड होतं. तिने सगळं ऐकून घेतलं, बादली रिकामी केली, पुन्हा जागेवर ठेवली आणि म्हणाली, "वाटा तुझ्या नावावर आणि थेंब माझ्या कपाळावर. ही कुठली रीत?" मी तिला म्हटलं, फरशीवर आडनाव लिहिलंय, त्यात तू आलीस. संध्याकाळी तिने टेप मागितला. डाग साडेपाच फूट झाला होता. तीन इंच वाढल्याचं दुसऱ्या दिवशी जिन्यात तिनेच काकांना सांगितलं.

काकांना मात्र वेगळीच काळजी लागली होती. सलीमभाई खालचा थर असा करून देणार होते, की पुढच्या मोसमात बांध्या ठेवल्या तरी थेंब गळणार नाही. काका मला गाठून म्हणाले, "मग तुमचा पाझर बंद होईल जी. वाटा कशाचा देऊ?"

"बंद झालेलाच बरा," मी म्हणालो. मेधाच्या वतीने मला तसंच म्हणणं भाग होतं.

दिवाळी झाल्यावर दहाव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काका. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. टोपीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हातात तीन पिशव्या आणि एक पितळी मापटं, घासून लखलखीत केलेलं. मेधा परात घेऊन आली. काका उंबऱ्याबाहेरच उकिडवे बसले आणि माप ओतायला लागले. पहिल्या वर्षाचं दीड. दुसऱ्या वर्षाचं अडीच. यंदाचं साडेतीन, आणि वाढलेल्या तीन इंचांची वर एक मूठ. प्रत्येक माप शीग येईपर्यंत भरत होते आणि शीग मोडू नये म्हणून श्वाससुद्धा जपून घेत होते. नव्या तांदळाचा वास बाहेरच्या खोलीत पसरला.

"घरात या ना काका, चहा टाकते," मेधा म्हणाली.

"आज नाही ताई. आज देऊन जायचं असते."

ते उठले. गुडघे धरून, हळूहळू. रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घातल्या. मी दार धरून उभा होतो आणि सोसायटीला घालून दिलेला माझाच नियम मोडत मी विचारलं, "काका, गाव कुठलं म्हणालात?"

काका थांबले. माझ्याकडे नीट बघितलं. मी दाराला पाठ लावली, एक पाय बाहेर ठेवला. पाऊण तास तर पाऊण तास, ऑफिसला उशीर झाला तर झाला.

"जांभूळटोला," ते म्हणाले.

मी वाट बघत राहिलो. पण पुढे ना नदी आली, ना राजे आले. त्यांनी मापटं छातीशी धरलं, टोपी सारखी केली आणि ते जिना उतरायला लागले.